समुद्र न पाहिलेल्यांचा शंख



बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसले आहे. पूर्वेला चेन्नई, पश्चिमेला मंगळुरू. दोन्हीकडचा किनारा गाठायला रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते. लालबागेतल्या टेकडीचा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. तो घडला तेव्हा पृथ्वीवर गोगलगाय नावाची वस्तूच नव्हती, त्यामुळे त्यात शिंपल्याचा ठसाही मिळायचा नाही. अशा गावात समुद्रातल्या एका शिकारी गोगलगायीवर व्याख्यान ठेवणे जरा विचित्र वाटेल. माझ्या मते मात्र हा विषय मांडायला हेच गाव योग्य आहे. शंखाला आज आपण जो मान देतो, तो मुख्यतः समुद्रापासून लांब राहणाऱ्यांनी दिलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. अंतराने शंखाला पावित्र्य दिले आणि त्याच अंतराने शंखातला प्राणी नजरेआड केला. हा प्राणी विसरल्यामुळे आज श्रद्धाळू माणसाची राजरोस फसवणूक होते, आणि तो पुन्हा ओळखीचा झाला तर श्रद्धेचे काही बिघडत नाही, हे पुराव्यानिशी मांडायचा माझा प्रयत्न आहे.

आधी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत शंख शब्दाचे नशीब मोठे गमतीचे आहे. देवघरात त्याला वेगळी अडणी, पूजेच्या आरंभी कलश आणि घंटेबरोबर त्याचीही पूजा. पण ‘तो अगदी शंख आहे’ म्हटले की माणूस ठोंब्या ठरतो, आणि ‘शंख करणे’ म्हणजे तोंडावर हात मारून बोंब ठोकणे. या तिन्ही अर्थांत शंख ही वस्तू आहे: पवित्र, पोकळ किंवा आवाज करणारी. जिवंत तो कुठेच नाही. उलट त्याची जमिनीवरची भावंडे भाषेने बारकाईने न्याहाळली आहेत. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या कावेबाज माणसाला लावतो, पण शरीररचना म्हणून ती तंतोतंत खरी आहे. प्राणिशास्त्राने या साऱ्या वर्गाला ‘उदरपाद’ म्हटले ते याच कारणाने. पोट ज्यावर टेकते तोच स्नायूचा तळवा म्हणजे त्यांचा पाय. परसातली गोगलगाय पावसाळ्यात रोज दिसते, म्हणून तिचे पोट आणि पाय भाषेत आले. समुद्राच्या तळाशी असलेला शंख कोणी पाहिला?

तर हा प्राणी पाहू. शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. मन्नारचे आखात, पाल्कचा उपसागर, श्रीलंकेचा किनारा, केरळचे दक्षिण टोक आणि कच्छचे आखात ही त्याची मुख्य घरे. तिथल्या वाळूच्या तळावर तो राहतो. पाण्याबाहेर काढलेल्या ताज्या शंखाला आपल्यापैकी बहुतेकांनी ओळखलेही नसते, कारण तो पांढरा नसतो. त्याच्यावर तपकिरी, मखमलीसारखी जाड साल असते. ती घासून काढल्यावर आतले चिनी मातीसारखे शुभ्र कवच दिसते. तोंडाशी नखासारखे कडक झाकण असते. प्राणी आत ओढला गेला की ते दाराला बसते. असल्याच झाकणांपासून ‘नखला’ नावाचे धूपद्रव्य मिळते. म्हणजे हा प्राणी देवघरात आणखी एका वाटेनेही शिरला आहे. कवचाची पुढची निमुळती तोटी, जिच्यातून आपण देवावर पाणी सोडतो, ती मुळात त्याच्या श्वासनळीची पन्हळ. या नळीने तो पाणी आत घेतो आणि त्या पाण्यातून भक्ष्याचा वासही.

भक्ष्य म्हणजे वाळूत नळीसारखी घरे करून राहणारे सागरी कृमी. शंख सावकाश सरकत येतो, लांब सोंड बाहेर काढून कृमीच्या बिळापर्यंत पोचवतो आणि त्याला ओढून खातो. समुद्रातल्या इतर शिकारी गोगलगायी आणखी तऱ्हेवाईक आहेत. कोकणच्या कुठल्याही पुळणीवर मुले दोऱ्यात ओवायला शिंपले गोळा करतात, तेव्हा काहींना आयतेच गोल भोक असते. वर रुंद, आत निमुळते, सुताराने गिरमिटाने पाडल्यासारखे. ते नॅटिका नावाच्या शिकारी गोगलगायीचे काम. कानशीसारख्या खरखरीत जिभेने आणि आम्लस्रावाने ती शिंपला पोखरते आणि आतला जीव खाते. ज्या माळेला आपण शोभेची म्हणतो तिच्यातला एकेक मणी म्हणजे एकेक फस्त झालेले जेवण.

आपल्या शंखाची वीण मात्र संथ. मादी मेंढ्याच्या शिंगासारखा पिळदार, कप्प्याकप्प्यांचा अंडकोश घालते आणि त्याचे एक टोक वाळूत रोवते. पुष्कळ समुद्री गोगलगायींची पिल्ले आधी डिंभ होऊन प्रवाहाबरोबर दूरदूर तरंगत जातात. शंखाचे पिल्लू तसे करीत नाही. ते कोशातून बाहेर पडते ते पाठीवर इवलेसे कवच घेऊनच, आणि तिथल्याच वाळूत सरपटू लागते. म्हणून एखाद्या तळावरचे शंख उपसून काढले तर दुसरीकडून पिल्ले वाहत येऊन ती जागा भरून काढत नाहीत. हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

आता अंतराचा पुरावा. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, द्वारकेपासून जवळ, नागेश्वर येथे हडप्पाकालीन शंखकामाची मोठी वसाहत उत्खननात सापडली. तिथले आणि अन्य ठिकाणचे शंखकाम जोनाथन मार्क केनॉयर यांनी फार बारकाईने अभ्यासले. शंखाचे टोक फोडायचे, आतल्या पडद्या ठोकून काढायच्या, मग कांस्याच्या करवतीने वळी कापायची, अशी ती पद्धत. शंखाचे वेटोळे जिथे जुळते तिथे बांगडीला एक नैसर्गिक वाकडेपणा येतो. हडप्पाच्या कारागिरांनी त्या जागी नेमके एक टोकदार कोनचिन्ह कोरून त्या दोषाचेच नक्षीकाम केले. या बांगड्या घालणाऱ्या बायका राहत कुठे? हडप्पा तर समुद्रापासून आठशेहून अधिक किलोमीटर आत आहे. आपल्याकडे गोदावरीच्या खोऱ्यात नेवासे येथील उत्खननातही शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तर या शंखाची कोठारेच नाहीत. ते तुकडे कुठून तरी बरेच लांबून आलेले.

बंगालचे उदाहरण याहून बोलके. बंगाली सुवासिनीच्या हातातला ‘शांखा’ म्हणजे तिचा चुडाच. पण गंगेच्या मुखाशी सगळा गाळ. हा शंख तिथे राहूच शकत नाही. शतकानुशतके तो तुतिकोरिन आणि रामेश्वरकडून जहाजाने ढाक्याला आणि कोलकात्याला जात राहिला. तिथल्या शांखारींची, म्हणजे शंख कापणाऱ्या कारागिरांची, मोठी अर्धचंद्राकार करवत जाताना कापते आणि येतानाही कापते, म्हणून बंगालीत तिच्यावरून म्हणच पडली. आपण ज्याला ‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणतो त्याला ते शंखाची करवत म्हणतात. वर तिबेटात जा. साडेतीन हजार मीटरवर, जिथे अनेकांनी जन्मात समुद्र पाहिलेला नसतो, तिथे शुभ्र शंख अष्टमंगलांपैकी एक आहे, आणि मठातल्या धातूने मढवलेल्या वाद्यशंखांच्या गाभ्यात हिंदी महासागरातला हाच प्राणी असतो. होयसळांच्या देशात यायचे तर बेलूरच्या १११७ सालच्या चेन्नकेशव मंदिरापासून पुढे विष्णूची चोवीस रूपे ओळखायची रीत चार आयुधे कुठल्या हातात आहेत यावर ठरते, आणि शंख त्या चारांतला एक. दक्षिण कर्नाटकातल्या खेड्यापाड्यांत शंख आणि जागटे घेऊन फिरणारा दासय्या आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच्या शंखाने पाहिलेला समुद्र त्याने स्वतः पाहिलेला असेलच असे नाही.

ही फक्त भारताची रीत असती तर मी एवढा जोर दिला नसता. फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी मार्सुला नावाची गुहा आहे. तिथे १९३१ साली एक मोठा शंख सापडला. बरीच वर्षे त्याला पाणी प्यायचे भांडे समजत होते. २०२१ साली नव्याने तपासल्यावर कळले की त्याचे टोक मुद्दाम तोडलेले आहे आणि ते सुमारे १८,००० वर्षांपूर्वीचे फुंकवाद्य आहे. तोही शिकारी जातीचा, चारोनिया कुळातला. हे शंख तारामाशांवर जगतात. अटलांटिकचा किनारा त्या गुहेपासून सुमारे दोनशे किलोमीटर. अमेरिकेत ओक्लाहोमामधल्या स्पायरो येथील टेकाडात कोरीव नक्षीचे शंखपेले निघाले. ते मेक्सिकोच्या आखातातले, म्हणजे शेकडो किलोमीटर पलीकडचे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. किनाऱ्यावरची माणसे शंख पूजत नाहीत काय? द्वारका समुद्राला लागूनच उभी आहे, पुरी काठावर आहे, कोकणातल्या घराघरात शंख आहे. हे सगळे मान्य. किनाऱ्यावर भक्ती नाही असे मी म्हणतच नाही. माझा दावा एवढाच की किनाऱ्यावर भक्तीबरोबर ओळखही टिकते. तुतिकोरिनच्या पाणबुड्याला शंख म्हणजे आधी वाळूचा तळ, मग मखमली सालीचा एक जड जीव, ज्याचे मांस खाता येते, आणि नंतर विकायचे कवच. शंखाचा तळ वाळूचा आणि मोत्याच्या शिंपल्यांचा तळ खडकाचा, हे तो झोपेतही सांगेल. जसजसे आत जावे तसतशी ही पायरी गळते आणि उरते फक्त शुभ्रता आणि ध्वनी. मराठी माणसाच्या बाबतीत तर इतिहासाने एक संधी दिली होती. याच बंगळुरूची जहागीर १६३८ पासून शहाजीराजांकडे होती; त्यांचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरला गेले; आणि तंजावरच्या सरफोजी दुसऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जो मनोरा बांधला तो थेट पाल्कच्या उपसागराच्या काठावर, शंखांच्या दारातच. तरीही शंख मराठीत आला तो देवघरातला शंख म्हणून. पाण्यातला जीव म्हणून नव्हे.

या विस्मरणाची किंमत सगळ्यांत जास्त कळते ती दक्षिणावर्ती शंखाच्या बाबतीत. सर्वसाधारण शंखाचे टोक खाली आणि तोटी वर धरून तोंड आपल्याकडे केले तर ते डावीकडे उघडते. म्हणून परंपरेने त्याला वामावर्ती म्हटले. लाखांत एखादा उजवीकडे उघडतो, तो दक्षिणावर्ती, तमिळमध्ये वलंपुरी. गंमत अशी की शास्त्रज्ञ कवच उलटे धरतात, टोक वर करून. त्यामुळे आपला वामावर्ती त्यांचा उजवा आणि आपला दक्षिणावर्ती त्यांचा डावा. यावरून काही लोक म्हणतात की मग डावे-उजवे हे नुसते पाहणाऱ्याच्या नजरेत आहे, दुर्मिळतेत काही तथ्य नाही. हे चूक आहे. स्क्रू कसाही धरा, उलटा करा, आडवा करा; त्याचे आटे उलट होत नाहीत. मळसूत्राचे वळण फिरवून बदलत नाही, ते फक्त आरशात बदलते. नावे आपली आणि त्यांची वेगळी असतील, पण दक्षिणावर्ती शंख हा नेहमीच्या शंखाचा आरशातला जुळा आहे आणि तसा जुळा क्वचितच जन्मतो, हे परंपरेचे निरीक्षण पक्के आहे. वळणाचा हा प्रश्न किती गंभीर आहे हे याच शहरातल्या भारतीय विज्ञान संस्थेला सांगायला नको. कोलॅजेनच्या तिहेरी पिळाचे गणित मांडणारे जी. एन. रामचंद्रन १९७० नंतर तिथेच होते, आणि डीएनएला डावे वळण असू शकते का, यावर व्ही. शशिशेखरन यांनी तिथेच १९७०च्या दशकात काम केले.

गोगलगायीचे वळण कुठे ठरते याचे उत्तरही चकित करणारे आहे. तळ्यातल्या लिम्निया गोगलगायींवर १९२०च्या दशकात दिसून आले की पिल्लाचे कवच डावे की उजवे हे पिल्लाच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाही. ते आईच्या जनुकांवरून ठरते. म्हणजे आजी-आजोबांकडून आलेला गुण नातवंडात एक पिढी उशिराने दिसतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ साली त्यातले एक जनुक निकामी केले आणि उजव्या वळणाच्या जातीत डाव्या वळणाची पिल्ले जन्मली. फलित अंड्याच्या पहिल्या काही विभाजनांतच पेशी कुठल्या बाजूला कलतात यावर पुढचे सगळे घर बांधले जाते.

आता फसवणुकीकडे. पूजासाहित्याच्या बाजारात ‘दक्षिणावर्ती’ म्हणून सुबक, मोठे, हमखास उजवीकडे उघडणारे शंख मिळतात. त्यांत कितीतरी शंख मुळात आपल्या समुद्रातले नसतात. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात एक मोठी शिकारी गोगलगाय राहते. कालवे-शिंपल्यांची कवचे फोडून ती आतला जीव खाते. तिच्या जातीत जवळपास प्रत्येकीचे वळण आपल्या दक्षिणावर्तीसारखेच असते. तिथे ती इतकी साधी की १९८७ साली टेक्सासने तिला राज्याचा शंख ठरवले. स्पायरोच्या पेल्यांचा शंखही हाच. तिथल्या लोकांनीही तो पवित्र मानला, पण दुर्मिळ म्हणून नव्हे. त्यांची कारणे वेगळी होती. तिथला हा नेहमीचा शंख इथे येऊन लक्ष्मीचा दुर्मिळ शंख होतो. गिऱ्हाईक वळण तपासते, वळण तर खरेच असते, आणि व्यवहार पुरा होतो. वर तांदळाच्या ढिगावर शंख फिरतो का, कानाला लावला की ओंकार ऐकू येतो का, असल्या परीक्षाही सांगितल्या जातात. कुठल्याही पोकळ कवचात आजूबाजूचाच आवाज घुमतो. त्या परीक्षेत अमेरिकन गोगलगायही पहिल्या वर्गात पास होते.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, तोही नेहमीचा. श्रद्धेच्या वस्तूला प्राणिशास्त्राचे माप कशाला लावायचे? भाव तिथे देव. शंख अमेरिकेचा असला म्हणून काय झाले? पूजा करणाऱ्याने जाणूनबुजून अमेरिकेचा शंख घेतला असेल तर मला काहीही म्हणायचे नाही. पण दक्षिणावर्तीची महती भावावर उभी नाही, ती एका वस्तुस्थितीवर उभी आहे: या जातीत हे वळण दुर्मिळ असते. पैसे मोजले जातात ते त्या वस्तुस्थितीचे. परंपरा स्वतःच इथे निरीक्षणाची भाषा बोलते, मग निरीक्षणाला बाहेरचा पाहुणा ठरवण्यात काय अर्थ? आणि ही पारख शास्त्रज्ञांनी नव्याने शोधली असेही नाही. बंगालचा शांखारी आणि तुतिकोरिनचा व्यापारी हातात घेताच वजनावरून, कवचाच्या जाडीवरून, आतल्या खांबावरून जात ओळखत आले. ज्ञान गमावले ते शेवटच्या गिऱ्हाइकाने, म्हणजे आपण.

पुराणकथेनेसुद्धा प्राणी विसरलेला नाही. भागवतात सांदीपनींचा मुलगा समुद्रात नाहीसा होतो, त्याला पंचजन नावाच्या दैत्याने गिळले असे कळते. कृष्ण समुद्रात शिरून त्या शंखरूप दैत्याला मारतो, पोटात मुलगा सापडत नाही, मग त्याच्या अंगावरचा शंख घेऊन तो यमाकडे जातो. पांचजन्य तो हाच. कथा नीट वाचली तर शंख हा गिळणाऱ्या जलचराच्या शरीराचा भाग आहे, त्याला पोट आहे, आणि त्याला मारूनच शंख मिळतो. मन्नारच्या आखातातल्या कृमीला विचारले तर तो या वर्णनात फारसा बदल सुचवणार नाही.

राहिला तिसरा प्रश्न, हिंसेचा. प्रत्येक शंखामागे एक मेलेला प्राणी आहे, मग तो देवघरात कसा, असे कोणी विचारील. रेशमाला आणि मृगाजिनालाही हा प्रश्न लागू होतो आणि परंपरेने त्यावर आपापली उत्तरे दिलेली आहेत. तो वाद मी इथे उकरीत नाही. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो संख्येचा प्रश्न. पिल्ले प्रवाहातून वाहून येत नाहीत, हे मघाशी सांगितले. म्हणून मद्रास सरकारच्या मक्तेदारीच्या काळात शंख मोजण्यासाठी ठरावीक मापाचे कडे असे. त्यातून जो शंख पार होई तो लहान समजून समुद्रात परत टाकावा, असा नियम होता. मासेमारी खात्यातले जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली या शंखावर सविस्तर ग्रंथ लिहिला, त्यात व्यापार, बांगड्या, अंडकोश आणि धर्म हे सगळे एकत्र आले आहे. प्राणी आणि पूजा वेगळ्या खात्यांत टाकायचा मोह त्यांना झाला नाही. पुढे यांत्रिक बोटी आल्या, आणि त्यांच्या ओढजाळ्यांना कडे लावून पाहायला सवड नसते. २००१ साली केंद्र सरकारने काही शंख-शिंपल्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत घातले, त्यात चारोनिया होता, शिरस्त्राणासारखा कॅसिस होता. आपला पूजेचा शंख त्या यादीत नव्हता. ज्याला देवघरात सगळ्यांत वरचे आसन, त्याला कायद्यात जागा नाही, कारण कायद्यापुढे तो अजून वस्तूच आहे. बंदी हवी असे मी म्हणत नाही; पाणबुड्यांची पोटे त्यावर आहेत. पण मापाचे कडे परत यायला हवे, आणि ते आणण्याचा आग्रह ज्यांच्या घरी शंख आहे त्यांनी धरला तर त्याला वजन येईल.

बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला यासाठी तुतिकोरिनला जाण्याची गरज नाही. देवघरातला शंख अडणीवरून उचला, त्यातले पाणी ओता आणि तोंड वर करून उजेडाकडे धरा. आत मधल्या खांबाच्या काठावर करंगळी फिरवा. आपला शंख असेल तर तिथे तीन किंवा चार ठळक, गुळगुळीत कंगोरे एकापाठोपाठ एक बोटाला लागतील. टेक्सासच्या पाहुणीच्या खांबावर तसे कंगोरे नाहीत. याच खांबाला प्राण्याचा मुख्य स्नायू चिकटलेला असतो. त्याच्याच जोरावर तो सोंड आवरून, झाकण ओढून आत जात असे. बोट जिथे थांबते तिथपर्यंत एके काळी तो होता.